"घरात सून असताना परकी बाई कशाला?"

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी ३६ वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, कंपनी मूळची अमेरिकेतली. काम घरून चालतं, पण महिन्यातून तीन-चार दिवस पुण्याला जावं लागतं. घरी मिस्टर, ४ वर्षांची लेक आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. आत्तींचं गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन चालतात, दोन वेळा इन्सुलिन लागतं, ते मीच देते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एक मावशी येतात. आमचं घर त्यांच्यावरच उभं आहे.

गेल्या एप्रिलपासून कंपनीनं 'बॅकअप केअर' सुरू केलंय. घरची नेहमीची सोय मोडली तर वर्षाला १२ दिवस मुलासाठी पाळणाघर किंवा म्हाताऱ्या माणसांसाठी घरी सेविका. ८० टक्के खर्च कंपनीचा, २० टक्के आपला. मी एकही दिवस वापरला नाही आणि ३१ मार्चला ते संपतात. माझ्या ९ रजा मात्र घरच्या अडचणींत गेल्या.

आता ३० मार्च ते २ एप्रिल मला पुण्याला जावंच लागणार, अमेरिकेहून क्लायंट येताहेत. त्याच दिवसांत मावशी जोतिबाच्या यात्रेला जाणार, त्यांच्या गावची सासनकाठी असते. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत, त्यांचं मार्चअखेर. वन्सं इचलकरंजीला असतात, त्या म्हणतात आईला माझ्याकडं पाठवा. आत्ती घर सोडायला तयार नाहीत. बॅकअपचं नाव काढलं की म्हणतात, 'घरात सून असताना परकी बाई कशाला? आणि पोरीला मी बसते की घेऊन.' मिस्टर म्हणतात, असलं काही कंपनीच्या रेकॉर्डवर नको, बढतीच्या वेळी काढतील. शिवाय ॲपवर कोल्हापूर टाकलं की जवळचं केंद्र पुणे दाखवतं. मी क्लायंटला नाही म्हणू? की नोकरीच सोडून देऊ?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नोकरी सोडू नका. चार दिवस घर कोण बघणार, एवढ्यासाठी इतक्या वर्षांची नोकरी मोजून द्यायची नसते. क्लायंटलाही आत्ताच नाही म्हणू नका. तुमच्या हातात जवळजवळ महिना आहे, आणि हातही न लावलेले १२ दिवस आहेत.

मी १९ वर्षं एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली. रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. 'घरगुती अडचण' या दोन शब्दांत काय काय मावतं ते मला तिथं कळलं. पाळणाघर चालवणारीच आजारी, सासऱ्यांना कॅथेटर, शाळेला अचानक सुट्टी. हे दोन शब्द बहुतेक बायकांच्या अर्जांवर असत. घर तेच असलं तरी पुरुषांच्या अर्जावर 'गावी काम' किंवा 'प्रकृती ठीक नाही' असायचं. तुमचं पत्र वाचताना ते अर्ज डोळ्यांपुढं आले. तुमच्या ९ रजा गेल्या हे तुम्ही मोजून लिहिलंत. मिस्टरांच्या किती गेल्या तो आकडा पत्रात कुठंच नाही. त्याकडं येतेच, पण आधी आत्ती.

'परकी बाई' म्हणताना आत्तींच्या मनात नक्की काय आहे, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. मला त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. अनोळखी बाईनं अंगाला हात लावायचा, आंघोळ घालायची, याचा संकोच. आपल्या स्वयंपाकघरात कुणीतरी डबे उघडणार, ही नाराजी. 'पोरीला मी बसते की' यात तर सरळ दुखणं आहे: कालपर्यंत घर सांभाळणारी बाई आज सांभाळायची वस्तू झाली. आणि सगळ्यांत खाली एक भीती असते. आज चार दिवस बाई आणली, उद्या मला कुठं नेऊन ठेवतील? खुब्याच्या ऑपरेशननंतर ही भीती फार लवकर येते. तुम्ही त्यांना टाकणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. वॉकर धरून रात्री जाग्या असणाऱ्या माणसाला ते रोज नव्यानं कळावं लागतं.

म्हणून हे बोलणं तुम्ही करायचं नाही. त्यांच्या मुलानं करायचं. सुनेनं काढलं की ते 'सुनेला जमत नाही' असं होतं आणि तुम्ही कितीही गोड बोललात तरी होतं. मुलानं शेजारी बसून म्हणावं, "आई, चार दिवस तुझ्याजवळ कोण असावं ते तू ठरव. दोघीजणी भेटायला येतील, तू बोल, तू निवड." आणि खरंच त्यांना निवडू द्यावं. तुम्हाला आवडलेली एक आणि त्यांना आवडलेली दुसरी असली तर दुसरी ठेवा. आंघोळीचं त्यांना नकोच असेल तर चार दिवस अंग पुसून घेतलं तरी चालतं. सकाळी मुलानं आंघोळीचं पाणी काढून, स्टूल ठेवून, दाराबाहेर उभं राहिलं तरी चालतं. कपाटाची किल्ली त्यांच्याकडंच राहू दे.

एक गोष्ट आपल्या घरांमधून उघड बोलली जात नाही, पण असते, म्हणून लिहिते. बाई कोणाची, हा प्रश्न निघू शकतो. निघाला तर तुमच्या मिस्टरांनी तिथंच थांबवावा. येणारी बाई घरच्यासारखीच बसेल, खाईल, पाणी पिईल. हे आधी मान्य होत नसेल तर तिला बोलावूच नये, तिचा अपमान करायला आपल्याला कुणी हक्क दिलेला नाही.

माझ्या वडिलांचं सांगते. निवृत्त शिक्षक, वय ७८, एका बाजूला अर्धांगवायूचा अंमल. सेविका ठेवायची म्हटल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती आली, तर त्यांनी तिला समोर बसवून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं. सातवीपर्यंत शिकलेली होती, अडखळत वाचायची. ते उच्चार सुधारायचे. महिन्याभरात ती अग्रलेख वाचू लागली आणि वडील तिच्याशिवाय चहा घेईनात. त्यांना स्वतःला देण्यासारखं काहीतरी सापडलं म्हणून ते जमलं. आत्तींकडं काय आहे ते तुम्हाला माहीत असेल. भाकरी थापायची पद्धत असेल, ओव्या असतील, कुणाच्या सोयरिकी असतील.

पण त्याच व्यवस्थेचा दुसरा धडा मला महापुरानं शिकवला. ऑगस्ट २०१९. मी तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पुण्यात. पंचगंगा ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ वर धोका पातळी ओलांडून पार पुढं गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. आमचं घर उंचावर, वडिलांना पाण्याचा धोका नव्हता. पण त्यांची सेविका चिखलीची. तिचंच घर पाण्यात गेलं, ती स्वतः मुलांना घेऊन बोटीतून बाहेर पडली. तीन दिवसांचे आठ झाले. ते आठ दिवस शेजारच्या दोन घरांनी वडिलांना सांभाळलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण वडिलांच्या गोळ्या कोणत्या वेळच्या हे त्यांना मी फोनवरून, रेंज मिळेल तेव्हा, आठवून आठवून सांगत होते. परत आल्यावर कंपनीनं पाच दिवस बिनपगारी धरले. तेव्हापासून मी कुणालाही सांगते, बॅकअपची बाई बघताना ती नदीच्या कोणत्या बाजूला राहते हे विचारा. मार्चमध्ये याचा उपयोग नाही, जुलै-ऑगस्टमध्ये आहे, आणि तुमच्या पुण्याच्या फेऱ्या तेव्हाही असणारच.

तर माझं मुख्य म्हणणं असं. ही सोय अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा उघडायची नसते. तुम्ही ३० मार्चला पहाटेची गाडी धरणार आणि त्याच सकाळी आत्तींसमोर एक अनोळखी बाई, लेक अनोळखी पाळणाघरात, मावशी नाहीत. त्या दिवशी लेक रडणार, आत्ती जेवणार नाहीत, आणि तुम्ही साताऱ्यापर्यंत पोचायच्या आत घरून फोन येईल. मग सगळे म्हणतील, बघ, हे आपल्याकडं चालत नाही.

त्याऐवजी मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस मावशींना पगारी सुट्टी द्या. यात्रेआधी त्यांनाही घरची कामं असतील, खूश होतील. नेहमीची सोय खरोखरच बंद असल्यामुळं कंपनीच्या नियमातही ते बसेल, खोटं काही सांगावं लागणार नाही. त्या दोन दिवसांत सेविका घरी बोलवा, लेकीला पाळणाघरात ठेवा, आणि तुम्ही घरातच, आतल्या खोलीत कामाला बसा. पहिल्या दिवशी तुम्ही दहा वेळा बाहेर याल. दुसऱ्या दिवशी स्वतःला अडवा. लेकीला पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी जेवण आणि दुपारची झोप तिथं. चार वर्षांच्या मुलाला आई परत येते याचा एकदा अनुभव आला की पुढचं अर्धं काम झालेलं असतं.

दोघींना एकाच बाईवर सोडू नका, हे मात्र निक्षून सांगते. पैसे वाचतात म्हणून बरेच जण तसं करतात. आत्तींना वॉकरनं बाथरूमला नेताना बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात, आणि त्या पाच मिनिटांत चार वर्षांची मुलगी गॅसपाशी असू शकते. लेक दिवसा पाळणाघरात, संध्याकाळी आजीजवळ. 'मी बसते की' या आत्तींच्या शब्दाला संध्याकाळचा तास राखून ठेवा. गोष्ट त्यांनी सांगायची.

आता इन्सुलिन. घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून साधी सेविका येते आणि शिकलेली नर्स येते, या दोन वेगळ्या. सुई देणं सेविकेचं काम नाही, तिनं "येतं मला" म्हटलं तरी नाही. नर्स घेतलीत तर खर्च बराच वाढतो. पण मला त्याहून सरळ मार्ग दिसतो. इन्सुलिन नाश्त्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी असेल, तर दोन्ही वेळा तुमचे मिस्टर घरात असू शकतात. त्यांनी सुई शिकावी. तुम्हीही कधीतरी शिकलाच ना? आठ दिवस रोज त्यांनी तुमच्यासमोर द्यावी, डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावा. मार्चअखेर असली तरी ते चार दिवस आठच्या आत घरी येणं आणि लेकीला पाळणाघरातून आणणं, एवढं त्यांच्याकडं. त्यांना रजा मिळत नसेल हे मी मानते, फौंड्रीचा मार्च मला माहीत आहे. पण दिवसभराची रजा मिळत नाही म्हणजे सकाळ-संध्याकाळही मिळत नाही असं होत नाही. वन्संनाही आईला नेण्याऐवजी दोन संध्याकाळी इकडं यायला सांगा. इचलकरंजी काही लांब नाही, आणि आत्तींना घर सोडावं लागणार नाही.

सेविकेला साखर कमी झालेली ओळखता आली पाहिजे. घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ. मशीनवर ७० च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. त्याच कागदावर गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, मिस्टरांचा नंबर आणि शेजारच्या एका घराचा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू राहू दे, ओलं पायपुसणं उचला. खुबा एकदा मोडलेल्या माणसाला दुसरं पडणं परवडत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही त्या कागदावर असू दे.

कंपनीकडं वळते. ही कल्पना अमेरिकेत रुजली. तिथं आजी-आजोबा घरात नसतात, पाळणाघर महाग, आणि सांभाळणारी आजारी पडली की आई किंवा बाप कामावर येऊ शकत नाही. तो एक बुडणारा दिवस वाचवायला कंपन्यांनी पैसे मोजायला सुरुवात केली. ब्राइट होरायझन्ससारख्या तिथल्या संस्था, ही १९८६ सालची, अनेक कंपन्यांसाठी अशी केंद्रं आणि घरी येणारी माणसं पुरवतात. कंपनी संस्थेला पैसे देते, संस्था आपल्या यादीतलं केंद्र देते. तुमच्या ॲपवर पुणे दिसतं ते यामुळं. यादी मोठ्या शहरांची आहे, आणि राजारामपुरीत बसून काम करणारी बाई ती करताना कुणाच्या डोळ्यांपुढं नव्हती. याला उपाय आहे, तो मागावा लागतो: स्थानिक ब्युरोच्या आणि पाळणाघराच्या पावतीवर पैसे परत. घरून काम करायला परवानगी देणाऱ्या कंपनीनं कोल्हापूरची पावती नाकारावी याला काही अर्थ नाही, आणि एचआरला ते सांगितलं की बहुधा पटतं.

दुसरी एक खाच आहे, ती नीट बघा. नियमावलीत 'पालक' लिहिलंय की 'सासू-सासरे'ही लिहिलंय? अमेरिकेत घरच्यांच्या आजारपणासाठी १९९३ चा जो रजेचा कायदा आहे, त्यात आई-वडील येतात, सासू-सासरे येत नाहीत. तिथला मजकूर उचलून इथं लावला असेल तर तुमच्या आत्ती त्यातून गळतात, म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या घरांतली खरी जबाबदारीच गळते. हे बोलून दाखवायला तुमच्या हातात चांगला आधार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आपल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'कुटुंब' सांगताना स्त्री कर्मचाऱ्याच्या अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांचा उल्लेख आहे. ती व्याख्या तुमच्या कंपनीच्या या सोयीला आपोआप लागत नाही. पण 'आमच्या देशाचा कायदा सुनेच्या घरात सासूला धरतो' हे वाक्य एचआरपुढं ठेवण्यासारखं आहे.

मेल असा लिहा, याहून लांब नको: "३० मार्च ते २ एप्रिल माझी घरची नेहमीची व्यवस्था बंद आहे. मी कोल्हापुरात राहते, यादीत कोल्हापूरचं केंद्र नाही. स्थानिक सेवेच्या पावतीवर ८० टक्के परतावा मिळेल का? 'पालक' यात सासूबाई धरल्या जातात का? मुलगी आणि सासूबाई दोघींसाठी एकाच दिवशी सोय घेतली तर एक दिवस धरतात की दोन? ही रक्कम माझ्या पगारात करपात्र दिसेल का? कृपया लेखी कळवावं." दिवसांचा हिशेब तुमच्या बाजूनंच आहे. अगदी दोन दिवस धरले तरी आधीच्या दोन दिवसांच्या रंगीत तालमीचे ४ आणि ३०-३१ मार्चचे ४, असे ८ जातील. १ आणि २ एप्रिल नव्या वर्षाच्या १२ मधून. उत्तर यायला आठवडा लागला तर थांबून राहू नका, ब्युरो आणि पाळणाघर बघायला लागा. आणि उत्तर 'नाही' आलं तरी चार दिवसांचा खर्च स्वतः करून जा. तो खर्च नोकरीपुढं काहीच नाही.

बढतीच्या भीतीबद्दल मिस्टरांना माझ्याकडून सांगा. रेकॉर्डवर काय राहतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. तुमच्या ९ रजा रेकॉर्डवर आहेत. क्लायंट आले त्या आठवड्यात तुम्ही नव्हता, हे तर वरिष्ठांच्या डोक्यातच राहील. त्यासमोर 'हिनं घरची सोय लावली आणि हजर राहिली' ही नोंद वाईट कशी? अशी सोय वापरलीच गेली नाही तर वर्षअखेरीला वरचे लोक विचारतात, कुणाला नको आहे का हे, आणि पुढच्या बजेटमधून ती ओळ पुसली जाते. म्हणजे तुम्ही न वापरलेले १२ दिवस तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या तरुण मुलीच्या हातूनही जाऊ शकतात. साहेबांना फार खुलासे करू नका. "घरची व्यवस्था लावली आहे, चारही दिवस पुण्यात आहे," एवढं पुरे.

आणि मिस्टरांच्या फौंड्रीत काय आहे, हे त्यांनी कधी विचारलंय का? आपल्या कायद्यात अचानक मोडणाऱ्या सोयीसाठी काही नाही, म्हाताऱ्यांसाठी कामाच्या ठिकाणी काही नाही. पण पाळणाघर आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. आता तेच सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि त्यात अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायची वाटही ठेवली आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले आपले कितीतरी कारखाने लहान, एकेकट्याला पाळणाघर झेपत नाही. दहा कारखान्यांना मिळून झेपेल. मी नोकरीत असताना हे दोनदा सुचवलं, दोन्ही वेळा उत्तर मिळालं की आमच्याकडं बायका कमी आहेत. बायका कमी का आहेत, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही याचं वाईट वाटतं. शॉपफ्लोअरवरच्या पुरुषांनाही लेकरं असतात, हेही तेव्हा कुणी म्हटलं नाही. तुमचे मिस्टर म्हणू शकतात.

पाळणाघर बघायला जाल तेव्हा दुपारी दीडच्या सुमाराला, न कळवता जा. सकाळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात. जेवणं झाल्यावर मुलं कुठं झोपतात, रडणाऱ्याला कोण घेतं, दार आतून बंद आहे का, मूल कुणाकुणाच्या हाती द्यायचं याची वही आहे का, ते बघा. त्या वहीत मिस्टरांचं आणि वन्संचं नाव फोटोसकट घाला. ब्युरोकडून सेविकेचं ओळखपत्र आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागा. बाईच्या हातात दिवसाचे किती पडतात तेही विचारा. ब्युरोचं कमिशन जाऊन तिला फारच कमी उरत असेल तर दुसरा ब्युरो बघा. जिच्या हाती आपण आई देतो तिला पुरेसं मिळतंय का, हा प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही.

तुमच्या मावशींचे यात्रेचे दिवस कापू नका. त्यांना ते पगारी द्या, जमलं तर वर प्रसादाला शंभर-दोनशे. त्या दहा तास तुमच्या घरी असताना त्यांची लेकरं, त्यांची सासू कोण बघतं हे त्यांना एकदा निवांत विचारा. रंगीत तालमीच्या आदल्या संध्याकाळी नव्या सेविकेची आणि मावशींची अर्धा तास गाठ घालून द्या. आत्तींना कोणत्या बाजूनं उठवायचं, चहात किती दूध, रुसल्या तर काय बोलायचं, हे तुमच्यापेक्षा मावशी जास्त नीट सांगतील.

त्या पहिल्या सकाळी सेविकेला चहा कुणी द्यायचा, एवढं मात्र ठरवू नका. भांडं आत्तींच्या हाताशी ठेवा आणि तुम्ही आत जाऊन लॅपटॉप उघडा.